कुत्र्याचा घास

अप्पारावांनी केळीचं पान नळाखाली धरलं, फडक्यानं दोन्ही बाजूंनी पुसलं आणि विळीवर त्याचे तुकडे करायला बसले. मोठा तुकडा आईच्या नैवेद्याचा. मग गाईचा, मग कावळ्याचा. एवढे झाल्यावर त्यांनी उरलेलं पान गुंडाळून बाजूला ठेवलं.

“कुत्र्याचं राहिलं,” मालनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांची पाठ होती, तरी त्यांना दिसलं होतं.

“आहे लक्षात. पण घालायचं कुणाला? गल्लीत टाकलं की झाडणारी बाई ओरडते.”

“वर सायलीला सांगून ठेवलंय मी. बाराला पिल्लू घेऊन येते म्हणाली.”

अप्पारावांनी पान पुन्हा उलगडलं. चौथा तुकडा वाकडा कापला गेला.

सायली म्हणजे वरच्या मजल्यावरची पुण्याची मुलगी. ती आणि तिचा नवरा दोघंही कंप्युटरवाले, दिवसभर कानाला यंत्र लावून घरातूनच काम करायचे. महिन्यापूर्वी त्यांनी बदामी रंगाचं, लांब कानांचं एक पिल्लू आणलं होतं. जिन्यात भेटलं की ते अप्पारावांच्या पायजम्याची नाडी ओढायचं, आणि अप्पाराव घाईघाईनं दार लावून घ्यायचे.

“तीन महिन्यांचं पोर ते,” अप्पाराव म्हणाले. “आपलं तुपातेलाचं त्याला सोसायचं नाही. उगं काही झालं तर लोकाच्या जिवाला घोर.”

“घासभर खिरीनं काय होतंय? पार्सल नव्हता खात? दर वर्षी खायचा.”

यावर अप्पारावांकडे उत्तर होतं. गेलं वर्षभर ते उत्तर त्यांच्याजवळ होतं आणि त्यांनी ते कुणालाही दिलेलं नव्हतं.

पार्सल हे कुत्र्याचं नाव. अप्पाराव सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, तेव्हा एका वेताच्या करंडीतून तो आला. करंडीवर नाव होतं, पत्ता होता, पण सोडवून घ्यायला दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी अप्पारावांनी त्याला आपल्या डब्यातला दहीभात चारला आणि संध्याकाळी साहेबांना विचारून करंडीसकट नल्लकुंट्याला घरी आणलं. पांढरा, झुबकेदार, मांजराएवढा जीव. “हे काय पार्सल आणलंत आणि?” असं मालनबाई दारातच म्हणाल्या, आणि तेच नाव पडलं. मुलगा विकास नुकताच नोकरीला बंगळूरला गेला होता, घर ओकंओकं झालं होतं. मालनबाई भाजी निवडायला बसल्या की पार्सल त्यांच्या पदरावर बसायचा. उठवला तर रुसून शिवणाच्या मशीनखाली जायचा आणि नाव घेऊन तीनदा हाक मारल्याशिवाय बाहेर यायचा नाही. अप्पाराव निवृत्त झाल्यावर दोघं रोज सकाळी बरकतपुऱ्यापर्यंत जाऊन यायचे. येताना चहाच्या हॉटेलाबाहेर एका उस्मानिया बिस्किटाचे दोन तुकडे व्हायचे, मोठा तुकडा पार्सलचा. अशी दहा वर्षं गेली.

गेल्या वर्षी याच तिथीला तो शेवटचं पोटभर जेवला आणि पाचव्या दिवशी गेला. का गेला, ते अप्पारावांना पक्कं ठाऊक होतं.

त्या सकाळी मालनबाई आंघोळीला गेल्या होत्या. खिरीचे बेदाणे त्यांनी वाटीत काढून अप्पारावांपुढे निवडायला ठेवले होते. सुशीलाबाईंना, म्हणजे अप्पारावांच्या आईला, खिरीत बेदाणे भरपूर लागत. जिवंतपणी लागत म्हणून गेल्यावर तिथीलाही तसेच लागत. अप्पाराव पेपर वाचता वाचता देठं खुडत होते. पार्सलनं त्यांच्या पायावर पंजा ठेवला. त्यांनी एक बेदाणा वर उडवला, तर पठ्ठ्यानं तो हवेतच झेलला. दहा वर्षांच्या म्हाताऱ्यानं अशी उडी मारावी याचं त्यांना भारी कौतुक वाटलं. मग दुसरा, मग तिसरा. खेळ थांबला तेव्हा वाटीच्या तळाला चार बेदाणे राहिले होते.

“बेदाणे कुठं गेले?” मालनबाईंनी ओले केस बांधत विचारलं.

पितरांच्या पानाआधी घरच्या माणसानं तोंड घालणं वाईटच. पण पितरांच्या आधी कुत्र्याला चारलं, हे सांगायला अप्पारावांची जीभ रेटेना. दोन्हींतलं लहान त्यांनी पत्करलं.

“मी खाल्ले,” ते म्हणाले.

“साखर असलेल्या माणसानं मूठभर बेदाणे? आणि तेही आईच्या तिथीला?” मालनबाई म्हणाल्या, आणि दुपारपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

संध्याकाळी पार्सल दोनदा ओकला. डॉक्टरांना फोन अप्पारावांनीच लावला, गॅलरीत उभं राहून. विद्यानगरचे ते तेलुगू डॉक्टर अप्पारावांशी नेहमी आपल्या हैदराबादी हिंदीतच बोलायचे.

“अंकल, उसकू चॉकलेट, अंगूर, किसमिस, ऐसा कुछ दिए क्या?”

आत मालनबाई पार्सलचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होत्या. गॅलरीचं दार उघडंच होतं.

“नहीं, वैसा कुछ नहीं दिए,” अप्पाराव म्हणाले.

तेव्हा त्यांना खोटं बोलल्यासारखं वाटलंसुद्धा नाही. प्रसादातली वस्तू ती, तिनं कुणाला काय होणार? डॉक्टरांनी दहीभात द्यायला सांगितला, उद्या बघू म्हणाले. दुसऱ्या दिवशी पार्सल मशीनखालून बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी बंद झाली. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासून दोन्ही किडन्या गेल्याचं सांगितलं, आणि कागदावर लिहिता लिहिता अप्पारावांना पुन्हा तेच विचारलं. मालनबाई तेव्हा बाहेरच्या बाकावर होत्या. अप्पारावांनी पुन्हा नाही म्हटलं, कारण आता हो म्हणायचं तर पहिल्या दिवशी नाही का म्हणालात, याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. पाचव्या दिवशी पायात सुई असतानाच पार्सल मालनबाईंच्या मांडीवर गेला. जाण्याआधी तासभर तो बारीक, चिरका आवाज काढत होता आणि मधूनच मान उचलून अप्पारावांकडे बघत होता. ते बघणं अप्पारावांना अजून सहन होत नव्हतं.

नंतर त्यांनी विकासला फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं. विकासनं इंटरनेटवर बघून सांगितलं, “हो बाबा, द्राक्षं-बेदाणे कुत्र्यांना विषच. का हो?” अप्पाराव म्हणाले, “काही नाही, खाली एक जण विचारत होता.”

घरात मात्र पार्सलचं वय झालं होतं असं ठरलं. मालनला सांगायचं नाही हे अप्पारावांनी ठरवून टाकलं, आणि त्याला कारणही चांगलं सापडलं. कुत्र्याचा घास म्हणून पार्सलला त्या दुपारी खीर मालननंच घातली होती. बेदाण्याचं कळलं तर ती स्वतःला दोष देत बसेल. या कारणाच्या आधारानं त्यांनी वर्ष काढलं.

पानं कापून झाली. अप्पाराव ती घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले. गॅसवर खिरीचं पातेलं होतं, झाकण घातलेलं. परवा बेगम बाजारातून सामान त्यांनीच आणलं होतं. मालनबाईंच्या यादीत बेदाणे सगळ्यात वर होते. झाकण उचलून कुत्र्याच्या वाटणीतले बेदाणे तेवढे वेचून काढता आले, तर कुणाला काही सांगायचं कामच पडणार नव्हतं.

“मी काही करू का आत?” त्यांनी विचारलं.

“पानं तिथंच ठेवा. तुम्ही बाहेर बरे,” मालनबाई म्हणाल्या. “गेल्या वर्षीचं विसरले नाही मी.”

अप्पाराव बाहेर येऊन खुर्चीवर बसले. घड्याळात साडेअकरा झाले होते.

पितर म्हणून जेवायला भगवंतरावांना बोलावलं होतं. ते अप्पारावांचे चुलतभाऊ, सुलतान बाजारात कापडाचं दुकान, बोलायला मोकळे. चपला काढता काढताच त्यांनी सांगायला सुरुवात केली. बस कशी मिळाली नाही, ऑटोवाला कसा हुज्जत घालत होता, दुकानात पितृपक्षामुळे कसा शुकशुकाट आहे. मग पाणी पिऊन झाल्यावर जरा चाचरले.

“दादा, एक सांगायचं होतं. उप्पलच्या प्लॉटवर दसऱ्यानंतर पाया खणतोय. पोरं ऐकायलाच तयार नाहीत.”

पार्सलला त्याच प्लॉटच्या कोपऱ्यात पुरलं होतं. भगवंतरावांनी स्वतः कुदळ आणली होती.

“मी मेस्त्रीला बोललोय,” भगवंतराव म्हणाले. “त्या कोपऱ्यात जरा देखके खोदो म्हणून.”

“बघून काय करणार आता, भाऊजी,” मालनबाई दारात येऊन म्हणाल्या. त्यांच्या हातात पळी होती. “काय राहिलं असणार तिथं? मी आपली मनाला एवढंच सांगते, शेवटचा गोड घास त्यानं माझ्या हातचा खाल्ला. पान चाटूनपुसून लख्ख केलं. त्यानंतर अन्नाला तोंड लावलं नाही त्यानं. हो की नाही हो?”

“हौ,” अप्पाराव म्हणाले. जन्म सगळा हैदराबादेत गेल्यानं त्यांचा होकार असाच निघायचा.

हे मालनबाईंचं वर्षभर चाललं होतं. कुणी पार्सलची आठवण काढली की त्या हेच सांगायच्या, याच शब्दांत. विकासला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, देवळातल्या बायकांना सांगितलं, सायली पहिल्यांदा पिल्लू दाखवायला आली तेव्हा तिलाही सांगितलं. आणि दर वेळी शेवटी अप्पारावांकडे बघून विचारायचं, हो की नाही हो. अप्पाराव हौ म्हणायचे. बिचारीला तेवढाच आधार आहे, असं ते स्वतःला समजावायचे आणि पुढचा तासभर त्यांना घास गिळवत नसे. आता त्यांचं चांगलं सात-आठ किलो वजन उतरलं होतं. साखरेमुळे, असं ते सांगत.

बाराला मालनबाईंनी नैवेद्य दाखवला. सुशीलाबाईंच्या फोटोपुढे पान ठेवलं, पाणी फिरवलं, नमस्कार केला. बाकीची तीन पानं त्यांनी आतच वाढली होती आणि प्रत्येकावर दुसरं पान झाकलं होतं. गाईचं पान देवळापाशी न्यायचं होतं, ते नंतर. कावळ्याचं गच्चीवर.

“मी नेतो,” अप्पाराव उठू लागले. जिन्यात झाकण उचलून बघता आलं असतं, बेदाणे किती आहेत ते.

“तुमच्या गुडघ्यांनी तीन मजले?” मालनबाई म्हणाल्या. “भाऊजी नेतील.”

भगवंतराव पान घेऊन वर गेले. ते दाराबाहेर पडतात न पडतात तोच सायली पिल्लू काखेत घेऊन खाली आली. तिच्या एका कानात यंत्र होतं आणि त्यातून कुणीतरी बोलत होतं.

“काकू, हा घ्या. माझी मीटिंग सुरू झालीये, अर्ध्या तासानं नेते.”

“कुत्र्याचा घास घालायचाय त्याला. चालेल ना?” मालनबाईंनी विचारलं.

“तुम्ही दहा वर्षं कुत्रा सांभाळलात काकू. तुम्हाला मी काय सांगणार?” सायली हसून म्हणाली आणि पळत वर गेली.

अप्पारावांना ते बोलणं आपल्यालाच उद्देशून असल्यासारखं लागलं. दार बंद झालं. पिल्लू खोलीभर हुंगत फिरलं, सोफ्याखाली गेलं, बाहेर आलं आणि शेवटी शिवणाच्या मशीनपाशी जाऊन तिथली फरशी चाटत बसलं. तिथं पार्सलचं पोतं असायचं. मालनबाईंनी ते कधीच धुऊन बोहारणीला दिलं होतं, पण कुत्र्याला काय कळतं ते कळतं.

मालनबाई आतून पान घेऊन आल्या. झाकण त्यांनी काढलं होतं. भात, भातावर खीर, खिरीवर एक वडा. अप्पारावांचा वाचायचा चष्मा पेपरावर राहिला होता. त्यांना नुसता पांढरा ढीग दिसला. मालनबाई जमिनीवर बसल्या. पिल्लाला वास लागला आणि ते मशीन सोडून धावत आलं.

“मालन,” अप्पाराव म्हणाले. “जरा थांब.”

मालनबाई थांबल्या. एका हातानं त्यांनी पिल्लाची मान धरली होती, दुसऱ्या हातात पान जमिनीपासून वीतभर वर. त्या अप्पारावांकडे बघत राहिल्या.

अप्पारावांचं वाक्य तयार होतं. ते ‘त्या दिवशी बेदाणे मी’ असं सुरू होणार होतं, आणि सकाळपासून त्यांनी ते मनातल्या मनात घोळवलं होतं. तोंड उघडलं तेव्हा दुसरंच निघालं.

“मी कुठंतरी वाचलंय,” ते म्हणाले. “कुत्र्यांना म्हणे बेदाणे चालत नाहीत. खीर तेवढी काढून टाक त्यातली.”

“कुठं वाचलंत?”

“पेपरात आलं होतं.”

“कधी?”

“असेल महिना-दीड महिना.”

मालनबाईंनी पान खाली ठेवलं आणि पिल्लाची मान सोडली. पिल्लू तोंडघशी पडल्यासारखं पानावर तुटून पडलं. अप्पाराव खुर्चीवरून पुढं झेपावले, गुडघ्यात कळ आली तशी एका हातानं टेबल धरलं आणि दुसरा हात पिल्लाकडे लांबवला.

“अगं, मरेल ते. ओढ त्याला मागं.”

“यात बेदाणे नाहीत,” मालनबाई म्हणाल्या. “कुणाच्याच पानात नाहीत. आईंच्या पण नाहीत. पुडा फोडलाच नाही मी.”

अप्पाराव तसेच वाकलेले राहिले. पिल्लू मचामच खात होतं, त्याच्या नाकाला खीर लागली होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, डब्यांच्या पुढे, त्यांनी परवा आणलेला पुडा दिसत होता. त्याचा दोरासुद्धा सुटलेला नव्हता. ते हळूहळू मागं सरकून खुर्चीत बसले.

“तुला कधी कळलं?”

“डॉक्टरांकडे त्याचा पट्टा राहिला होता. तो आणायला गेले होते मी, दिवाळीच्या आधी.” मालनबाईंचं लक्ष पिल्लाकडेच होतं. “ते म्हणाले, आंटी, अशा किडन्या किसमिस खाल्ल्यावर होतात. अंकलना दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाले. पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं तर लगेच सलाईन लावलं असतं. कदाचित राहिला असता म्हणाले. मी तिथं गप्प बसले. घरी येताना ऑटोत ती वाटी आठवली मला. साखर कळल्यापासून तुम्ही बेदाणा तोंडात घातलेला नाही.”

“मला वाटलं,” अप्पाराव म्हणाले, “तुझ्या घासातही होते. तुला वाटेल, तुझ्याच खिरीनं तो—”

“माझ्या घासात एक नव्हता. चार राहिले होते वाटीत, ते मी आईंच्या पानावर घातले. तुमच्यासमोर घातले.”

हे खरं होतं. अप्पारावांना ते चार बेदाणे आता स्पष्ट आठवले, फोटोपुढच्या पानावर, खिरीच्या मधोमध. वर्षभर ते कसे आठवले नाहीत, याचा त्यांनी विचार केला आणि त्यांना स्वतःची किळस आली.

“दिवाळीपासून ठाऊक होतं,” ते म्हणाले. “आणि तू सगळ्यांना सांगत होतीस, तुझ्या हातचा घास खाल्ला, तुझ्या हातचा—”

“तुम्हाला विचारत होते मी,” मालनबाई म्हणाल्या. “दर वेळी.”

त्या उठल्या, पिल्लापुढं पाण्याची वाटी ठेवली आणि आत जाऊन दोन पाट आणले. पाट मांडले, पानं मांडली, पाण्याचे तांबे भरून ठेवले. अप्पाराव त्यांच्या हातांकडे बघत बसले होते. त्या हातांनी वर्षभर त्यांना रोज दोन वेळा वाढलं होतं, गोळ्या काढून दिल्या होत्या, गुडघ्याला तेल लावलं होतं. एकदाही त्यात कमी-जास्त झालं नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली. भगवंतराव आत आले, धापा टाकत.

“उशिरानं का होईना, पण शिवला बघा. नुसतं टकटका बघत बसला होता कठड्यावर. मी म्हटलं, काकी, काही राहिलं असेल तर माफ करा, दादाकडून चूकभूल झाली असेल. मग आला.”

त्यांनी हात धुतले आणि पाटावर येऊन बसले. अप्पाराव शेजारी बसले. पिल्लानं खाणं संपवलं होतं आणि ते रिकामं पान फरशीवर ढकलत ढकलत चाटत होतं. पान भिंतीला जाऊन अडलं, तरी त्याचं चाटणं चालू होतं.

“काय साफ केलंय,” भगवंतराव हसले. “पार्सलसारखंच की. मघाशी काय म्हणालात वहिनी, त्यानंही असंच केलं होतं ना?”

मालनबाई भात वाढत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. भगवंतरावांच्या पानावर भात, त्यावर वरण, कडेला कारल्याची भाजी. मग त्या अप्पारावांच्या पानापाशी आल्या.

“हो, असंच,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, शब्दही तेच. “शेवटचा गोड घास त्यानं माझ्या हातचा खाल्ला. पान चाटूनपुसून लख्ख केलं. त्यानंतर अन्नाला तोंड लावलं नाही त्यानं.”

त्यांनी अप्पारावांकडे बघितलं.

“हो की नाही हो?”

भगवंतरावांनी भात कालवायला घेतला होता. पिल्लू पान सोडून आलं आणि त्यानं अप्पारावांच्या मांडीवर पंजा ठेवला. पंजा ओला होता.

“नाही,” अप्पाराव म्हणाले.

भगवंतरावांचा घास हातातच राहिला. ते आधी भावाकडे, मग वहिनींकडे बघू लागले.

मालनबाईंनी भाताचं भांडं खाली ठेवलं. पदराला हात पुसले आणि तिथंच, अप्पारावांच्या समोर, जमिनीवर बसल्या.

“सांगा,” त्या म्हणाल्या.